घरातली डासांची पैदास मोडायची कशी?

संध्याकाळी सहाला खिडक्या लावल्या की डासांचा बंदोबस्त झाला, असं बऱ्याच घरांत समजतात. मलेरियाच्या ॲनॉफिलीस डासापुरतं ते ठीक आहे, तो रात्री चावतो. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस मात्र दिवसा चावतो, आणि बरेचदा तो बाहेरून आलेलाच नसतो. त्याचा जन्म आपल्याच घरात झालेला असतो. म्हणून त्याला पंख फुटण्याआधी, पाण्यातच गाठायचं.

१. आठवड्यातला एक वार ठरवा

आरोग्य खातं ज्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतं तो हाच. आठवड्याचाच हिशोब का? आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. दर रविवारी साठलेलं पाणी ओतून टाकलं तर कुठल्याही पिढीला डास होण्याइतका वेळ मिळत नाही. पंधरा दिवसांनी केलेली सफाई दिसायला छान, पण डासांच्या दृष्टीने सुट्टीच.

२. टॉर्च घेऊन साचलेलं पाणी शोधा

गटाराकडे धावू नका. तिथे प्रामुख्याने क्युलेक्स वाढतो, हत्तीरोग पसरवणारा. त्याच्यासाठी सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला बारीक जाळी किंवा जुना नायलॉनचा मोजा बांधला की बराचसा बंदोबस्त होतो. एडिसला तुलनेने स्वच्छ, थोडं आणि स्थिर पाणी आवडतं. फ्रिजच्या मागचा ट्रे बाहेर ओढून पाहिलाय कधी? बर्फ वितळून पाणी त्यात येतं, कॉम्प्रेसरमुळे तिथे ऊबही असते, आणि घरातल्या कुणालाच तो ट्रे आठवत नाही. त्यानंतर कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, कूलर, न वापरलेल्या संडासचा फ्लश टँक बघा. बाहेर करवंट्या, टायर, पत्र्यावर घातलेल्या ताडपत्रीच्या घड्या आणि कुंपणाच्या बांबूची उघडी टोकं. चमचाभर पाणीही त्याला पुरतं.

३. अळी ओळखा

संशय आला की डावाने थोडं पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्या. एडिस आणि क्युलेक्सची अळी डोकं खाली करून पाण्याला लटकते, शेपटाकडची श्वासनळी वर पृष्ठभागाला टेकवून. ॲनॉफिलीसला ती नळी नसते, त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. हाताची सावली पडताच वळवळत तळाला जातात, म्हणून वाडगं मिनिटभर हलवू नका. स्वल्पविरामाच्या आकाराचा जाडसर जीव दिसला तर तो कोष. म्हणजे एक-दोन दिवसांत डास होणार, तेव्हा वाट बघायची नाही.

४. नुसतं ओतू नका, घासा

इथेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. पिंप ओतून लगेच भरणं म्हणजे त्यांना हवं तेच करणं. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने आतली भिंत, विशेषतः काठाखालचा पट्टा खसखसून घासा, धुवा, उन्हात पालथं घाला. अळ्यांचं पाणी मोरीत किंवा गटारात न टाकता कोरड्या मातीवर ओता.

५. जे रिकामं होत नाही ते झाका

पाणी एक दिवसाआड येत असेल तर पिंप भरूनच ठेवावं लागतं. त्यावर दुहेरी सुती कापड दोरीने घट्ट बांधा, सैल झाकणाच्या फटीतून मादी सहज आत जाते. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपलाही जाळी हवी, कारण शहरांत मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी अशाच टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढतो. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी निघत नसेल तर त्यात थोडं जळकं ऑइल टाका, अळ्यांना श्वास घेता येत नाही. हौदात गप्पी मासे सोडता येतात, हिवताप कार्यालयात चौकशी करा. नदी-ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासदायक ठरतात.

धुराची गाडी? ती फक्त उडणाऱ्या डासांना मारते, अळीला नाही. शिवाय एडिस पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत बसलेला असतो आणि गाडी आली की आपण दारंखिडक्या लावून घेतो!

६. घरात ताप आला तर रुग्णाला डासांपासून जपा

चावते ती फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांच्या मधावर जगतो. मादीने रुग्णाचं रक्त प्यायलं म्हणजे ती लगेच रोग देते असंही नाही. मलेरियाच्या परजीवीचं अर्धं आयुष्य तिच्या पोटातच जातं. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या जठराच्या भिंतीत तो पाहिला. तिथून तो लाळग्रंथीत पोचतो, मग पुढच्या चाव्याबरोबर माणसात. डेंग्यूच्या विषाणूलाही हा प्रवास करायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. म्हणून डेंग्यूच्या संशयात तापाचे दिवस रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. त्याला न चावलेला डास ते दुखणं शेजारच्या घरी नेऊ शकत नाही. तापाला पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्ततपासणी लगेच करून घ्या. पोटात जोरात दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर ताप उतरलेला असला तरी थेट दवाखाना गाठा. डेंग्यूत ताप उतरतानाचेच एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात.