वाक्यात आहे तेवढेच कसे वाचावे

गणेशोत्सवाच्या आधी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूने एक ओळ लिहिलेली होती : ‘सर्व सभासदांनी वर्गणी भरलेली नाही.’ संध्याकाळी दोन सभासद पावत्या हातात घेऊन सचिवांच्या दारात उभे राहिले, कारण त्यांनी त्या ओळीचा अर्थ ‘कोणीच भरलेली नाही’ असा घेतला होता. सचिवांना मात्र ‘काहींची राहिली आहे’ एवढेच म्हणायचे होते. मराठी वाक्यरचनेत हे दोन्ही अर्थ बसतात. असे प्रसंग रोज घडतात आणि त्यांतून माणसे विनाकारण दुखावली जातात, म्हणून वाक्याचा अर्थ लावण्याची पद्धत प्रत्येकाने शिकून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

सुरुवात वाक्य जसेच्या तसे लिहून काढण्यापासून करावी. ऐकलेले वाक्य आपण नकळत स्वतःच्या शब्दांत साठवतो. ‘बहुधा उद्या काम होईल’ हे घरी पोहोचेपर्यंत ‘उद्या काम होणार आहे’ असे झालेले असते आणि काम झाले नाही, तर समोरच्याने कधी न दिलेल्या शब्दाचा जाब आपण त्याला विचारतो.

मग वाक्यातील लहान शब्दांखाली रेघ मारावी : च, ही, फक्त, तरी, काही, सर्व, किमान, पर्यंत, शिवाय. अर्थाची खरी किल्ली यांच्यापाशी असते. विशेषतः ‘च’ कोणत्या शब्दाला चिकटला आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘शनिवारी दवाखाना सकाळीच उघडा असतो’ या वाक्यातून शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद असतो एवढे कळते. इतर दिवसांबद्दल ते काहीही सांगत नाही. ‘शनिवारीच दवाखाना सकाळी उघडा असतो’ असे म्हटले, की सोमवारी सकाळी जाणारा दारावरचे कुलूप पाहून परत येणार हे निश्चित होते, पण शनिवारची संध्याकाळ मात्र मोकळी राहते. शब्द तेच आणि त्यांचा क्रमही तोच; फक्त एक अक्षर जागेवरून हलले आहे.

‘किंवा’ आणि ‘की’ यांतही असाच फरक आहे. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ याला ‘हो’ हे पुरेसे उत्तर आहे. ‘चहा घेणार की कॉफी?’ याला ते उत्तर होत नाही, कारण तिथे निवड विचारलेली आहे. ‘आधार कार्ड किंवा पॅन कार्ड आणावे’ अशी सूचना असेल, तर दोन्ही घेऊन जाणाऱ्याने ती मोडलेली नसते.

नकार आला, की तो नेमका कशाला लागू आहे हे ठरवावे. ‘पेटीतले सर्व आंबे गोड आहेत’ हे वाक्य खोटे ठरायला एकच आंबट आंबा पुरतो. ‘सर्व आंबट आहेत’ असे सिद्ध करावे लागत नाही. घरातल्या भांडणांत ‘तू नेहमीच उशीर करतोस’ याला ‘मी कधीच उशीर करत नाही’ असे उत्तर दिले जाते आणि दोन्ही विधाने खोटी असूनही वाद चालूच राहतो.

सर्वांत जास्त काळजी ‘जर-तर’च्या वाक्यांत घ्यावी लागते. शाळेच्या भूमितीत प्रमेय आणि त्याचा व्यत्यास (म्हणजे ‘जर’ आणि ‘तर’ यांची अदलाबदल केलेले विधान) हे दोन वेगळे मानून वेगवेगळे सिद्ध करतात. रोजच्या बोलण्यात मात्र आपण एकावरून दुसरे सरळ गृहीत धरतो. प्रत्येक लीप वर्षाला ४ ने भाग जातो, पण ४ ने भाग जाणारे १९०० हे लीप वर्ष नव्हते. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला वयाची ३५ वर्षे पूर्ण असावी लागतात. याचा अर्थ ३५ वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक जण पात्र असतो असा होत नाही. ‘ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही’ या पाटीचेही तसेच आहे. ओळखपत्र दाखवूनही सभागृह भरल्यामुळे परत पाठवले, तर पाटीवरचे वाक्य खोटे ठरत नाही. आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, हा भेद फार पूर्वी नेमका टिपला आहे : डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे हे अनुमान टिकते, पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हे टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओल्या सरपणाचा संबंध लागतो, आणि उलट्या अनुमानात नेमकी तीच अट सुटलेली असते.

आपली पारख करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेले पत्त्यांचे कोडे घरी करून पाहावे. चार कागदांवर अ, क, ४ आणि ७ असे लिहावे. प्रत्येक कागदाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे असे समजावे. नियम असा : ‘एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.’ नियम खरा आहे का, हे तपासण्यासाठी कोणते कागद उलटावे लागतील? हात अ आणि ४ यांच्याकडे जातो. पण ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनाबद्दल नियम काही बोलतच नाही. उलटायचे ते अ आणि ७, कारण अ च्या मागे विषम संख्या किंवा ७ च्या मागे स्वर निघाला तरच नियम कोसळतो. उत्तर चुकले तर वाईट वाटून घेऊ नये, बहुतेकांचे चुकते.

या कोड्यात वापरलेली युक्तीच सर्वत्र लागू करावी. एखाद्या वाक्यावरून आपण निष्कर्ष काढला, की वाक्य पूर्ण खरे आहे आणि तरीही निष्कर्ष खोटा आहे, अशी एखादी परिस्थिती डोळ्यांसमोर आणण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. ‘काही मुले सहलीला येणार आहेत’ यावरून ‘काही येणार नाहीत’ असे आपण समजतो. परंतु निम्म्याच पालकांची उत्तरे आली असतील आणि शेवटी सगळीच मुले आली, तरी शिक्षिकेचे वाक्य खरेच राहते. असा अर्थ वाक्याने सुचवलेला असतो, सांगितलेला नसतो. बोलण्यात सुचवलेल्या अर्थालाही मान असतोच, आणि तो सरसकट नाकारणारा माणूस तर्कशुद्ध नव्हे, नुसता हटवादी ठरतो. म्हणून वहीत ‘सांगितले’ आणि ‘सुचवले’ असे दोन रकाने करावेत आणि पैसे, औषध किंवा मुदत यांच्याशी संबंधित निर्णय केवळ पहिल्या रकान्यावरून घ्यावा.

एवढे करूनही दोन अर्थ शिल्लक राहिले, तर बोलणाऱ्यालाच विचारावे, आणि तेही दोन्ही अर्थ समोर ठेवून : ‘कोणीच भरली नाही, की काहींची राहिली आहे?’ आमच्या सचिवांना दारातल्या एका सभासदाने अखेर हेच विचारले. त्यांनी फळा पुसून नवीन ओळ लिहिली : ‘काही सभासदांची वर्गणी अजून यायची आहे.’