चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला: जुनी गाडी सांभाळताना या चुका टाळा

गेल्या गणपतीत चिपळूणला पोहोचलो तेव्हा मीटरवर २,३८,००० पडले होते. अंगणात गाडी लावतोय तोवर काकांचा नेहमीचा प्रश्न आला, "अजून हीच का रे?" उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला करतोयस."

गाडी २०१० ची, डिझेल हॅचबॅक. विकायला काढली तर लाखभर मिळाले असते आणि त्या वर्षात तिच्यावर ४१,००० खर्च झाला होता. म्हणजे काका चूक नव्हते. पण जुन्या गाडीला ही म्हण लावणं, हीच माझ्या मते पहिली चूक आहे.

बिलाची तुलना गाडीच्या भावाशी करणं

दुरुस्तीचे पैसे आपण गाडीची किंमत वाढावी म्हणून घालत नाही, पुढचं वर्षभर ती चालावी म्हणून घालतो. त्यामुळे तुलना करायची ती दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी. सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण १२,४५० बसतो. माझे ४१,००० म्हणजे सव्वातीन हप्ते झाले. वरून नव्या गाडीचा विमा मोठा, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत तिची जी किंमत उतरते तो खर्च तर कुणी धरतच नाही.

त्या ४१,००० ची फोड माझ्या वहीत आहे: टायर १६,०००, क्लच १४,०००, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड ६,०००, बॅटरी ५,०००. यातली एकही गोष्ट गाडी म्हातारी झाली म्हणून करावी लागली नाही. टायर-क्लच नव्या गाडीचेही झिजतात, आणि एकदा बदलले की काही वर्षं तिकडे बघावं लागत नाही. त्याउलट एकाच जागी वर्षात तिसऱ्यांदा हात घालावा लागला, तर बिल दोनच हजारांचं असलं तरी कान टवकारायचे. म्हणून वही ठेवा. तारीख, मीटर, काम, पैसे, एवढंच लिहायचं. "फार खर्च काढते हो गाडी" असं म्हणणाऱ्या दहांतल्या आठांना नेमका किती काढते ते सांगता येत नाही.

उलटी चूकही होते. "इंजिनाला एवढे घातलेत, आता कशी विकू?" गेले ते पैसे गेले. आजपासून पुढचं वर्ष काढायला किती लागतील, एवढाच प्रश्न विचारायचा.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी कुणी केलेला "नवी की जुनी" हा हिशेब आता पुन्हा मांडायला हवा, कारण जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो.

किलोमीटर बघणं, रबर न बघणं

दोन लाख ऐकलं की लोक हबकतात. पण हायवेवर दोन लाख झालेली गाडी आणि पंधरा वर्षांत भाजी आणायला फिरवून पन्नास हजार झालेली गाडी यांत मी पहिली घेईन. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा साठत राहतो, बॅटरी पुरती भरत नाही. म्हणून किलोमीटर झाले नसले तरी ऑइल वर्षाला बदलायचंच, आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. लांब घाटउतारावर ते तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल फुसकं लागतं.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसतेय म्हणून आठ वर्षांचा टायर घेऊन मे महिन्यात समृद्धीवर जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

रबराचा माझा धडा मात्र कुंभार्ली घाटातला. २०१६ ते २०२२ गाडी बाबांकडे चिपळूणला होती. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली थोडी उतरली की ते विहिरीचं पाणी ओतायचे. गाडी पुण्याला आणल्यावर मीही वर्षभर तेच केलं, फक्त पाणी नळाचं. बाटली का उतरते, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. २०२३ च्या गणपतीनंतर परतीला पोफळी सोडली, घाट चढायला लागलो, मागे नारळाचं पोतं आणि चार माणसं. आधी एसीतून गरम हवा यायला लागली. मला वाटलं गॅस संपला. मग आत गुळमट वास आला आणि लगेच लाल दिवा.

एसी अचानक गरम होणं हीच पहिली खूण होती. इंजिन जास्त तापलं की बऱ्याच गाड्या स्वतःच कॉम्प्रेसर बंद करतात. अशा वेळी काटा किंवा दिवा बघायचा आणि बाजूला घ्यायचं. "वरपर्यंत जाऊ, मग बघू" म्हणाल तर सातशेच्या पाइपचं काम हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचं डोकं उघडण्यावर जातं. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. माझ्या गाडीचा खालचा पाइप क्लॅम्पजवळ फाटला होता. मेस्त्रींनी तो बोटाने वाकवून दाखवला, तर आंबोशीसारखा कडक. रेडिएटरचा तळ क्षाराने अर्धा भरलेला.

त्यानंतर मेस्त्री म्हणाले, "साहेब, थर्मोस्टॅट वॉल काढूनच टाकतो. गाडी कधी तापायची नाही." मी मान डोलावली. हा सल्ला कोकणापासून विदर्भापर्यंत गॅरेजात सर्रास मिळतो, आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप. तो नसेल तर कूलंट सतत फिरत राहतं, इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा येतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतंही जास्त. माझं ॲव्हरेज १९ वरून १६ वर आलं. ते का पडलं हे कळायला आठ महिने गेले. वॉल पुन्हा बसवला, सगळे पाइप एकदम बदलले, कंपनीने सांगितलेलं कूलंट भरलं. तेव्हापासून बाटली जागची हललेली नाही.

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत इंधनाच्या रबरी नळ्याही याच यादीत घ्या. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं असतं आणि जुन्या गाड्यांच्या नळ्या-सील त्यासाठी बनवलेले नव्हते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर आधी तेच बघायचं.

आवाज दाबणं आणि दिवा विझवणं

इंजिन खडखडतंय, निळा धूर येतोय, तर "जाड ऑइल टाका" हा दुसरा लाडका उपाय. जाड ऑइलने आवाज कमी होतो, पण रोग तिथेच राहतो. आजकालच्या इंजिनांत टर्बो, चेनचा टेन्शनर हे सगळं ऑइलच्या दाबावर आणि बारीक वाटांवर चालतं. थंड सकाळी जाड ऑइल तिथे वेळेवर पोहोचत नाही. त्यापेक्षा दर हजार किलोमीटरला सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा आणि किती ऑइल घातलं ते वहीत लिहा. खाण्याचं प्रमाण स्थिर असेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. प्रमाण वाढत चाललं असेल तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते) तपासून घ्या. ती तपासणी न करता कुणी "इंजिन काम" सुचवत असेल तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या.

धुराचं साधं आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय का ते बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तरी संशय तोच. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनी थोडी साय धरते, तेवढ्यावरून घाबरू नका.

चेक इंजिनचा दिवा लागला की बॅटरीची वायर काढून लावणारे महाभाग असतात. दिवा जातो आणि त्याबरोबर साठवलेला कोडही जातो, म्हणजे पुरावाच पुसला. आधी स्कॅन करा. हा दिवा स्थिर असेल तर चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल तर मिसफायर होतंय, पाय हलका ठेवा. ऑइल कॅनच्या चित्राचा लाल दिवा मात्र वेगळाच. तो लागला की इंजिन तिथेच बंद.

अर्धं काम करून घेणं

क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी त्याचीच असते. तेव्हा प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला आणि मागचं ऑइल सील गळत नाही ना ते बघून घ्या. टायमिंग बेल्टचंही, म्हणजे इंजिनाचे वॉल वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्याचंही तसंच. जुनी ८००, सँट्रो, इंडिका डिझेल यांना बेल्ट आहे. तो न सांगता तुटतो आणि बऱ्याच इंजिनांत त्याबरोबर वॉल वाकतात. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर बदललाच नाही असं धरून चाला.

पार्टच्या बाबतीत माझा नियम सोपा. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग आणि सेन्सर यांत डुप्लिकेट नको. आरसा, दाराचं हँडल, सीट, बंपर हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलं तरी काही बिघडत नाही.

"पंधरा वर्षं झाली, आता भंगारात"

हा समज दिल्लीवरून आला. तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घालणारा आदेश निघाला होता. महाराष्ट्रात खासगी गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) पंधरा वर्षांनी संपतं आणि तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. २०२२ पासून मोटारीची ही फी ५,००० आहे. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली तर दर महिन्याला ५०० जादा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. आणि कर्ज कधीच फिटलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, हा प्रकार इतका घरोघरी आहे की आजच आपलं आरसी काढून बघा.

विम्यात हप्ता वाचवायला आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तळाला नेऊन ठेवू नका. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही आपण आणि कंपनी मिळून ठरवतो. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. साठ हजारांची आयडीव्ही लावलेली चांगली चालती गाडी एका बऱ्यापैकी ठोकरीत संपते.

कधी थांबायचं

इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांना इलाज असतो. पत्र्याला फारसा नसतो. आणि ज्या गोष्टी गाडीत मुळात नाहीतच, त्यांना तर काहीच नाही. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा) नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून. माझ्या गाडीत दोन्ही नाहीत. एकटा चालवायचो तोवर मी याचा विचार केला नाही. मुलीने लर्निंग लायसन्स काढलं तेव्हा केला.

पत्र्याची गोष्ट त्याहून जुनी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमच्या गल्लीत पाणी दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत आलं होतं. बाबांनी एक काम शहाणपणाचं केलं, पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारला नाही. इंजिनात पाणी असताना सेल मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून नेली, फिल्टर, ऑइल सगळं बदललं, सीट उन्हात वाळवल्या. पण सीटखालचं कार्पेट आणि त्याखालचा फेल्ट तसाच राहिला. वरून कोरडा, आतून ओला. माझ्या हातात गाडी आली तेव्हा पावसाळ्यात तिला कुबट वास यायचा. मी सुगंधी डबी आणून लावली.

या वर्षी पंक्चर काढताना जॅक वर जायच्याऐवजी आत जायला लागला. मेस्त्रींनी कार्पेट उचललं, जाड काळ्या लेपावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठकठक केलं, मग टोक लावलं. टोक आरपार गेलं. पट्टीचा जवळपास हातभर पत्रा नुसत्या रंगावर उभा होता. कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो, पण कुजणं मागच्या सस्पेन्शनच्या बुडापर्यंत पोहोचलं होतं, आणि तिथे वेल्डिंग करून मी माणसं बसवणार नाही.

नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते. साध्या भंगारवाल्याला दिली तर आरसी आपल्याच नावावर राहतं. मी केंद्राशी बोलून ठेवलंय. मध्यंतरी भाचा आला, म्हणाला, "मामा, मलाच द्या की, इंजिन मस्त आहे." इंजिन खरंच मस्त आहे. जॅक कुठे लावायचा ते दाखवायला त्याला गाडीखाली वाकायला लावलं. त्यानंतर त्याने विषय काढलेला नाही.