कासवाचं कवच: चकाकी नको, टणकपणा हवा

बेळगावात कासव पाळणाऱ्या बऱ्याच घरांत आंघोळ झाली की त्याच्या पाठीवर खोबरेल तेल चोळतात. फोटो झकास येतो, पण तेलाला धूळ चिकटते आणि कुठे कुजायला लागलं तर दिसत नाही. कवच मुळात हाडाचंच असतं. कणा आणि बरगड्या त्यात जुळलेल्या, वर नखासारखा थर. त्यामुळे त्याची खरी निगा राखायची ती खाण्यातून आणि उन्हातून.

आधी कासव ओळखा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर ते तारा कासव. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवणं गुन्हा आहे, वनखात्याला कळवा. पुढचं सगळं सुलकाटासारख्या, रीतसर नोंदणी केलेल्या गवतखाऊ विदेशी कासवासाठी.

रोज सकाळी त्याला परड्यात सोडा. शेजारी सावली हवीच. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. लागणारे अतिनील किरण काच अडवते, मग ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. खानापूरकडे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, तिथे यूव्हीबी ट्यूब, म्हणजे हेच अतिनील किरण देणारा दिवा, लावा. ट्यूब जळत असली तरी वर्षभराने बदला. उजेड राहतो, किरण ओसरतात.

खायला गवत, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला. भात, चपाती, चिरमुरे नकोत; पालकही रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेनाचा, म्हणजे माकूल या समुद्री जीवाच्या चुनखडीसारख्या हाडाचा, तुकडा आणून ठेवा. कॅल्शियमसाठी कासव तो हवं तेव्हा कुरतडतं.

पिल्लं कोरड्या हवेत वाढली की कवचावर टेंगळं येतात आणि ती पुन्हा सपाट होत नाहीत. म्हणून अथणीकडच्या कोरड्या दिवसांत पिल्लाला कोमट, उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. मऊ ब्रशने माती काढा, साबण नको. पावसाळ्यात उलट काळजी: अंथरूण ओलं आणि गार राहू देऊ नका.

आठवड्यातून एकदा पोटाकडची बाजूही बघा. कवचाच्या तुकड्यांमधली फिकट रेघ म्हणजे नवी वाढ, ती खरवडू नका. मोठ्या कासवाचं कवच बोटाने दबलं, वास आला, खालून लालसर दिसलं किंवा पाणी पाझरलं, तर हळद लावत बसू नका. कोरड्या, उबदार जागी ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करता का, हे आधी फोनवर विचारा.