एक काच, दोन स्विच: पॉवर विंडोच्या वायरिंगमध्ये या चुका टाळा

जुन्या गाडीला नंतरून पॉवर विंडो बसवली की एक तक्रार हमखास येते. डाव्या काचेला दारावरचा एकटा स्विच जोडला तर काच छान चालते. ड्रायव्हरच्या बाजूचा एकटा जोडला तरी छान चालते. दोन्ही एकत्र जोडले की पहिल्याच दाबाला फ्यूज जातो. मोटर चांगली, स्विच नवे, वायर जाड, मग शॉर्ट कुठे? ज्या स्विचला कुणी हातही लावलेला नाही, त्यातच.

काचेच्या मोटरला दोनच वायरी असतात. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीचा मायनस) दिला की काच वर जाते, उलट दिलं की खाली येते. या कामाचा स्विच न दाबता पडून असतो तेव्हा मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला धरून ठेवतो. दाबला की एका वायरीवर प्लस येतो, दुसरी अर्थलाच राहते. बोट काढल्यावर दोन्ही वायरी पुन्हा अर्थला जातात, मोटरला आपोआप ब्रेक लागतो आणि काच जागच्या जागी थांबते.

आता असे दोन स्विच शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडा. एकाने वायरीवर प्लस दिला. दुसरा न दाबलेला, म्हणून त्याच वायरीला अर्थला धरून बसलेला. बॅटरीचा करंट मोटरकडे न जाता थेट अर्थला जातो. सगळ्यात जास्त वायरिंग इथेच जळतं, कारण फ्यूज गेला की माणूस मोठा फ्यूज घालतो. मीही सुरुवातीला एकदा २० अँपिअरच्या जागी ३० चा घातला होता. फ्यूज टिकला, पण दारातल्या वायरीचं इन्सुलेशन मऊ पडून शेजारच्या वायरीला चिकटलं.

बरोबर जोडणी एकामागे एक अशी असते. ड्रायव्हरच्या मास्टर स्विचला प्लस आणि अर्थ दोन्ही द्यायचे. त्यातून निघणाऱ्या दोन वायरी मोटरला न नेता दुसऱ्या दारावरच्या स्विचला न्यायच्या, जिथे एरवी अर्थ लावतात त्या दोन पिनांवर. त्या स्विचला प्लस वेगळा, आणि मोटर त्याच्याच पुढे. म्हणजे ड्रायव्हरने दाबलं की करंट डाव्या स्विचच्या न दाबलेल्या कॉन्टॅक्टमधून मोटरला जातो. डावा स्विच दाबला की अर्थ मास्टरमधून मिळतो. एकाने वर आणि दुसऱ्याने खाली दाबलं तरी मोटरच्या दोन्ही टोकांना प्लस येऊन ती नुसती थांबते. शॉर्ट होत नाही.

यासाठी डाव्या बाजूला पाच पिनांचा स्विच लागतो: एक प्लसची, दोन मोटरच्या, दोन मास्टरकडून येणाऱ्या. आतला दिवा असेल तर त्याच्या पिना वेगळ्या. काही स्विचमध्ये अर्थच्या दोन पिना आतूनच एक केलेल्या असतात. तो मास्टरला चालतो, डाव्या बाजूला अजिबात नाही. पिनांची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर बझरवर ठेवा, दोन पिना आतून जोडलेल्या असतील तर तो वाजतो. स्विच न दाबता पिनांच्या दोन जोड्या वाजल्या पाहिजेत, आणि या दोन जोड्या एकमेकींशी वाजता कामा नयेत.

स्विच नाजूक असतील किंवा असे स्विच मिळत नसतील, तर मला दोन पाच-पिनी रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे विजेवरचे स्विच) जास्त आवडतात. प्रत्येक रिलेची ३० नंबरची पिन मोटरच्या एकेका वायरीला, ८७ ला फ्यूजमधून प्लस, ८७ए ला अर्थ. मग दोन्ही बाजूंचे स्विच फक्त रिले चालवणाऱ्या आतल्या कॉइलला प्लस देतात, म्हणून तिथे पॅरलल जोडणी बिनधास्त चालते. मात्र हे स्विच न दाबता पूर्ण सुटे राहणारे, साधे पुश टाइप हवेत. अर्थ धरणारे लावलेत तर पुन्हा तोच शॉर्ट. रिले घेताना मधली पिन वाचा. काही पाच-पिनी रिलेंवर ती ८७ए नसून दुसरी ८७ असते. बाहेरून हुबेहूब दिसतात, पण त्यात न दाबता मोटरला अर्थ मिळत नाही, आणि त्या मधल्या पिनेला अर्थ लावला असेल तर प्लस थेट अर्थला जाऊन फ्यूज जातो.

फ्यूज जात असेल तर एकामागून एक फ्यूज जाळू नका. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब लावा आणि स्विच दाबा. मोटरचा कनेक्टर काढलेला असतानाही बल्ब पूर्ण पेटला, तर शॉर्ट वायरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये आहे.

डावा स्विच चालतो, मास्टरवरून काच हलत नाही? आधी मास्टरचा प्लस तपासा, मग मास्टरचे कॉन्टॅक्ट. मास्टरवरून चालते आणि डाव्यावरून नाही, तर डाव्याचा प्लस पोचत नाही. विंडो लॉक (बाकीच्या दारांचे स्विच बंद करणारं ड्रायव्हरकडचं बटण) दाबलेला नाही ना, तेही पाहा. दोन्हीकडून एकाच दिशेला बंद असेल तर मोटर दोषी नाही, कारण ती दोन्ही दिशांना तीच असते. मास्टर स्विच उघडा, कारण दोघांनाही अर्थ त्याच्याच कॉन्टॅक्टमधून मिळतो. कॉन्टॅक्टवर काळा कार्बन आणि मधोमध खड्डा दिसला तर घासत बसू नका, बदला. काच दोन्ही दिशांना रेंगाळत असेल तर मोटरच्या पिनांवर काच चालू असतानाच व्होल्टेज मोजा. न चालवता १२ व्होल्ट दिसणं काहीच सांगत नाही. चालताना ९-१० वर येत असेल तर अर्थचा बोल्ट गंजलाय किंवा वायर बारीक आहे. मोटरच्या लाइनला २.५ स्क्वेअर एमएम घ्या.

दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत कधीही जोड देऊ नका. दार उघडझाप होताना वायर तिथेच वाकते, आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत राहून आतली तांब्याची तार तुटते. दार पूर्ण उघडून एकदा आणि अर्धवट मिटून एकदा स्विच दाबून पाहा. एका स्थितीत काच चालली आणि दुसऱ्या स्थितीत नाही, तर दाराचं पॅनेल खोलण्याआधी ती नळी खोला.