जुने पंच कार्ड डोळ्यांनी कसे वाचावे

पुण्याच्या जुन्या बाजारातील रद्दीत किंवा पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर चौकोनी छिद्रे पाडलेले जाड कार्ड, म्हणजे जुन्या संगणकांना छिद्रांच्या रूपात माहिती देण्याचे पंच कार्ड, सापडले, तर ते वाचायला यंत्र लागत नाही. खिडकीचा उजेड आणि थोडा धीर पुरतो.

छापील आकडे सुलटे दिसतील आणि ९ ची ओळ तळाशी राहील, असे कार्ड धरावे. आयबीएम या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये आणलेल्या या कार्डावर ८० उभे रकाने आणि १२ आडव्या ओळी असतात. ० ते ९ या ओळींचे आकडे बहुधा छापलेले असतात, पण त्यांच्या वरच्या कोऱ्या पट्टीत आणखी दोन ओळी असतात: सर्वांत वरची १२ वी आणि तिच्याखालची ११ वी. त्या नजरेतून निसटल्या की सगळे वाचन फसते.

रकान्यात ० ते ९ पैकी एकच छिद्र असेल, तर तो अंक होय. अक्षराला दोन छिद्रे लागतात. १२ व्या ओळीसोबत १ ते ९ म्हणजे ए ते आय, ११ व्या ओळीसोबत १ ते ९ म्हणजे जे ते आर आणि ० सोबत २ ते ९ म्हणजे एस ते झेड. रोमन लिपीतले 'पुणे' घ्या: पी म्हणजे ११ आणि ७, यू म्हणजे ० आणि ४, एन म्हणजे ११ आणि ५, ई म्हणजे १२ आणि ५. शेवटच्या दोन अक्षरांत ५ चे छिद्र सारखेच आहे. फरक फक्त वरच्या छिद्राचा, म्हणून तिथे घाई करू नये.

आता पहिले दोन रकाने पाहावेत. दोन्हींत ० आणि १ ही छिद्रे असतील, तर त्या दोन तिरक्या रेघा आहेत, आणि ते कार्ड बहुधा १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टीम/३६० या आयबीएमच्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीमला दिलेला हुकूम आहे. आज्ञा कोणती आणि माहिती कोणती, हे ती सिस्टीम याच खुणेवरून ओळखत असे. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. पहिल्याच रकान्यात १२, २ आणि ९ अशी तीन छिद्रे दिसली, तर ते कंपायलरने, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, तयार केलेले यंत्रभाषेतले कार्ड समजावे आणि त्यात शब्द शोधत बसू नये.

गठ्ठा सापडल्यास कार्डे सुटी करण्याआधी ७३ ते ८० हे रकाने वाचावेत. तिथे बहुधा अनुक्रमांक असतो, आणि हातून गठ्ठा सांडला तरी त्यावरून कार्डे पुन्हा ओळीने लावता येतात.