श्रीलंकेचा किनारा: आधी महिना बघा, मग ठिकाण ठरवा

श्रीलंकेला जायचं ठरलं की बहुतेक जण हॉटेल शोधायला बसतात. त्याआधी महिना बघा, कारण या बेटावर पाऊस दोन दिशांनी येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. तेव्हा हिक्कडुवा, उनावटुना, मिरिस्सा इथला समुद्र खवळलेला असतो आणि पूर्वेला त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा इथलं पाणी शांत असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य वाऱ्यांमुळे नेमकं उलटं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस कुठेही गाठतो, चक्रीवादळाचीही भीती असते. एका आठवड्यात दोन्ही किनारे उरकायचा बेत करू नका: एक किनारा हमखास चुकीच्या ऋतूत सापडतो आणि मधल्या प्रवासात अख्खा दिवस जातो.

पुढचा बेत जानेवारी ते मार्चमधल्या आठवडाभराच्या दक्षिण किनाऱ्याचा आहे.

निघण्याआधी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, काढा, तीही सरकारी संकेतस्थळावरूनच. हुबेहूब दिसणारी दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. शुल्क बदलत असतं, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. पासपोर्ट किमान 6 महिने वैध हवा.

विमानतळ कटुनायकेला, कोलंबोच्या उत्तरेला आहे. रात्री उशिरा उतरलात तर जवळच्या निगोंबोत मुक्काम करा आणि सकाळी कोलंबो फोर्ट स्टेशनवरून गॉलची गाडी धरा. प्रवास साधारण अडीच तासांचा. उजवीकडची खिडकी पकडा, समुद्र त्याच बाजूला आहे. ती बाजू पश्चिमेची असल्यानं दुपारनंतर ऊन थेट तोंडावर येतं, म्हणून सकाळची गाडी बरी. संध्याकाळी कोलंबोहून सुटणाऱ्या गाड्या घरी परतणाऱ्या नोकरदारांनी भरलेल्या असतात. मोठी बॅग घेऊन त्यांत चढणं कठीण.

गॉलला दोन रात्री द्या. किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी 17व्या शतकात वाढवला, आणि 1988 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. पाच वाजता तटावर चढलात तर फेरी निवांत होते; दुपारी तिथे सावली जवळपास नसतेच.

मिरिस्सा निळ्या देवमाशांसाठी. इथे समुद्राचा उथळ भाग अरुंद आहे, खोल पाणी किनाऱ्याजवळच सुरू होतं, म्हणून एवढा प्रचंड प्राणी बंदरापासून काही तासांत दिसू शकतो. बोटी पहाटे सुटतात. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. नाश्ता हलका ठेवा, बोटीच्या मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर ठेवा. बोट ठरवताना एकच प्रश्न विचारा: देवमाशापासून किती अंतर राखता? 100 मीटर हे उत्तर यायला हवं. ‘अगदी जवळ नेतो’ म्हणणाऱ्याची बोट नको. अशा बोटींच्या पाठलागानं देवमासा बुजतो आणि लवकर बुडी मारतो.

पोहण्यासाठी आडोशाचा उपसागर निवडा. उनावटुना त्यातल्या त्यात सुरक्षित. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा सपाट, शांत दिसला तर तिथे उतरू नका. बहुधा तिथूनच पाणी समुद्राकडे परत ओढलं जात असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमछाक होते आणि माणसं त्यामुळेच बुडतात. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा, मग वळा.

शाकाहारी असाल तर फक्त ‘मासे नकोत’ सांगून भागत नाही. पोल संबोल या खोबऱ्याच्या चटणीत, कित्येक भाज्यांतही ‘उंबलकड’, म्हणजे सुकवलेल्या टूनाचा चुरा पडतो. ‘उंबलकड नको’ असं नाव घेऊन सांगा. परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातली मसुराची डाळ, आणि आप्पा, म्हणजे तांदळाच्या पिठाचं वाटीसारखं धिरडं, बहुतेक ठिकाणी मिळतात, पण डाळीबद्दलही विचारून घ्या. तहानेला केशरी सालीचं तंबिली शहाळं.

पौर्णिमा, तिथला ‘पोया’, दर महिन्याची सार्वजनिक सुटी. त्या दिवशी दारूविक्री बंद असते आणि गाड्यांना गर्दी होते. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला व टोपी बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे गंभीर अवमान मानतात.

शेवटचा मुक्काम तंगालेला. जवळच्या रेकव्याच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं रात्री अंडी घालायला येतात. मोबाइलचा प्रकाश, फ्लॅश पूर्ण बंद ठेवा. उजेडानं मादी अंडी न घालताच परत फिरते. पिल्लं टाक्यांत ठेवून हातात देणारी केंद्रं टाळा: समुद्रात पहिल्या पोहण्यासाठी असलेली त्यांची ताकद टाकीतच संपते.

परतताना तंगाले ते कटुनायके द्रुतगती मार्गानंही तीन-चार तास धरा. विमान सकाळचं असेल तर आदली रात्र पुन्हा निगोंबोत काढा. प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, ते देशाबाहेर नेणं बेकायदा आहे.