‘व्हर्ज’ म्हणजे साइडपट्टी नव्हे

ब्रिटिश इंग्रजीत ‘व्हर्ज’ म्हणजे रस्त्याची कड आणि फुटपाथ, कुंपण किंवा शेत यांच्यामधली गवताची पट्टी. आपल्याकडची मुरमाची साइडपट्टी इंग्रजीत ‘शोल्डर’ होते. चूक होते ती इथेच. भाषांतर करताना आधी पाहा, पट्टीवर गवत आहे की मुरूम? गवत असेल तर ‘ग्रास व्हर्ज’ लिहा. मोटरवेच्या कडेची डांबरी आपत्कालीन पट्टी मात्र ‘हार्ड शोल्डर’.

इंग्लंडमध्ये ‘सॉफ्ट व्हर्जेस’ अशी पाटी दिसली तर चाक खाली उतरवू नका. माती भुसभुशीत असते, पावसात गाडी रुतते.

वाचक कुठला, तेही बघा. न्यूझीलंडमध्ये हीच पट्टी ‘बर्म’, मेलबर्नकडे ‘नेचर स्ट्रिप’. अमेरिकेत तर गावागणिक नाव बदलतं. ओहायोतल्या अॅक्रनमध्ये चक्क ‘डेव्हिल स्ट्रिप’!

शब्दयोगी अव्यय ‘ऑन’. गाडी ‘ऑन द व्हर्ज’ उभी असते, ‘इन’ नव्हे. ‘ऑन द व्हर्ज ऑफ’ झालं की अर्थ ‘अगदी बेतात’: ‘ऑन द व्हर्ज ऑफ टिअर्स’ म्हणजे रडकुंडीला आलेला. ‘ऑफ’नंतर नाम किंवा ‘-इंग’ रूप घ्या; ‘ऑन द व्हर्ज टू कोलॅप्स’ चुकीचं, ‘ऑफ कोलॅप्सिंग’ बरोबर.